रोज सकाळी पिवळं फडकं मारणाऱ्यांसाठी

रात्री पेट्रोल पंपाच्या रांगेत उभे असाल तेव्हा स्वतःच्या गाडीच्या टाकीकडे जरा नीट बघा. वरून पांढरा एलईडीचा उजेड पडलेला असतो आणि दिवसा तुकतुकीत वाटणारी टाकी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांनी भरलेली दिसते. रेघा गोलगोल, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती फेर धरलेल्या. डोकं हलवलं की जाळंही सरकतं. माझ्या दीडशे सीसीच्या काळ्या गाडीवर हे जाळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा गाडी जेमतेम आठ महिन्यांची होती. मला वाटलं, रंगच वाईट निघाला. पुढे कळलं की ते जाळं मीच विणलं होतं, रोज सकाळी सीटखालचं पिवळं फडकं काढून टाकीवर दोन हात फिरवता फिरवता.

हे गोल खरे गोल नसतात, ही यातली गंमत. चरे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात ते ठरावीक दिशेचेच. तेवढेच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. घरातलं वर्षानुवर्षं घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरून बघा, अगदी हेच दिसेल.

आता टाकीवर नेमकं काय असतं ते पाहू. पत्र्यावर आधी गंज रोखणारा प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हा क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक, प्लास्टिकसारखा थर. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती रंगाची नसून या थराची असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे शोरूमची सगळी ऐट एका केसाहून पातळ पापुद्र्यावर उभी आहे. हा पापुद्रा सपाट असेल तर उजेड आरशासारखा सरळ परततो. त्यावर चरे पडले की उजेड विखुरतो आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. चकाकी म्हणजे सपाटपणा. ती बाटलीतून ओतता येत नाही, असलेली जपावी लागते.

हा सपाटपणा घालवते कोण, तर धूळ. पण नुसती बसलेली धूळ काही करत नाही. महिनाभर धूळ खात उभी असलेली गाडी धुतल्यावर पुन्हा जशीच्या तशी निघते. घोटाळा होतो तो धूळ पुसताना. आपल्याकडची धूळ म्हणजे मुख्यतः दगडाचा भुगा. दख्खनच्या काळ्या बसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची कठीणता मोहच्या मापात (खनिजांची कठीणता मोजायची १ ते १० अशी पट्टी, हिरा १०) ६, बांधकामाच्या वाळूतल्या क्वार्ट्झची ७, आणि साध्या पोलादी सुरीची साडेपाचच्या आसपास. कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीत लोहाची ऑक्साइडं असतात, तीही काही मऊ नसतात. असे कण टाकीवर बसलेले असताना वरून कोरडं फडकं दाबून फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच, फक्त फार बारीक नंबरचा. एका दिवसात काही दिसत नाही. दोनशे सकाळींनी दिसतं.

म्हणून गाडी साफ करण्याचं सगळं शास्त्र एका गोष्टीभोवती फिरतं: घाण घासून काढायची नाही, आधी ती सुटी करायची, मग वाहून न्यायची. आईने करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घातलेलं पाहिलंय ना, तेच.

धुवायला घेताना गाडी सावलीत हवी आणि इंजिन गार. आल्याआल्या पाणी मारू नका, अर्धा तास थांबा. आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर, फडकं न लावता. मग दोन मिनिटं काहीच करू नका. वाळलेला चिखल पाणी पितो, फुगतो आणि पुढच्या पाण्याबरोबर निघून जातो. पावसाळ्यात मडगार्डच्या आत आणि चेनच्या मागे बसलेल्या चिखलाला असं दोनतीनदा पाजावं लागतं. लोक नेमकं इथेच घाई करतात.

मग साबण. साबणाचा रेणू दोन तोंडांचा असतो: एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाचं टोक ग्रीसच्या थेंबात घुसतं, असे असंख्य रेणू मिळून थेंबाला घेरतात आणि पाण्याबरोबर घेऊन जातात. हे काम कुठलाही साबण करतो. पण गाडीच्या शॅम्पूकडून आपल्याला आणखी एक काम हवं असतं, ते म्हणजे निसरडेपणा. फेसाच्या थरामुळे धुळीचा कण रंगावर रुतत नाही, घसरून जातो. बोटाला बोट घासून बघा, हात शॅम्पूच्या पाण्यात बुडवायच्या आधी आणि नंतर.

कपडे धुण्याची पावडर मात्र नको. तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि तिचं पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं. एकदा वापरली म्हणून क्लिअर कोट जळत नाही, तेवढं घाबरायचं कारण नाही. पण रंगावर लावलेलं वॅक्स, म्हणजे मेणाचा थर, ती धुऊन नेते आणि उघड्या अॅल्युमिनियमवर, म्हणजे इंजिनच्या कव्हरवर किंवा फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर, पांढुरकी मरगळ आणते. अॅल्युमिनियमचं आणि सोड्याचं जमत नाही. भांड्यांचा द्रव साबण त्या मानाने सौम्य, पण तेल ओढण्यात इतका पटाईत की वॅक्स त्याच्यापुढेही टिकत नाही. दोन रुपयांची केसांच्या शॅम्पूची पुडी या दोन्हींपेक्षा बरी, हे मी अनुभवाने सांगतो. कंडिशनरवाली नको, तिचा तेलकट थर राहतो.

बादल्या दोन घ्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं शॅम्पूत बुडवा, टाकीचा एक भाग पुसा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मग पुन्हा शॅम्पूत. सगळं एकाच बादलीत केलं तर टाकीवरून काढलेले खडे तुम्ही पुन्हा टाकीवरच नेता. पहिल्यांदा दोन बादल्यांनी धुवाल तेव्हा साध्या बादलीच्या तळाशी हात घालून बघा. बोटांना लागणारी ती रेती आधी कुठे जात होती, हे वेगळं सांगावं लागत नाही. फडकं मायक्रोफायबरचं हवं, कारण त्याचे धागे बारीक चिरलेले असतात आणि कण त्यांच्या आत ओढले जातात. जुना बनियन मऊ लागतो, पण कण त्याच्या पृष्ठभागावरच राहतात. आणि चाकांचं फडकं चाकांनाच. ते टाकीच्या जवळही आणायचं नाही, खाली पडलेलं फडकं तर त्याहून नाही.

पाण्याचंही एक सांगायला हवं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच पांढरा थर, टाकीवर फक्त ठिपक्यांच्या रूपात. ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, लगेच धुतलं की झालं. पण तापलेल्या रंगावर महिनोन्‌महिने राहिलेले डाग खोल जातात. अनेक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानं गाडी धुतात. पाणी वाचवण्याची वृत्ती चांगलीच, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते चिखल भिजवायला आणि चाकांना वापरा. शेवटचं पाणी नळाचं मारा आणि ते वाळायच्या आत टिपून घ्या. टिपणे म्हणजे फडकं पसरून ठेवायचं आणि उचलायचं. घासायचं नाही, हे आता किती वेळा झालं?

आता वॉशिंग सेंटर. पन्नास-शंभर रुपयांत दहा मिनिटांत गाडी चकाचक, आणि बैठ्या चाळीत किंवा चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला दुसरा पर्याय तरी कुठे असतो? मीही जातो. पण तिथल्या पंपाचा जोर समजून घ्या. टायरमध्ये आपण तीसेक पीएसआय हवा भरतो. प्रेशर पंपाचा दाब सहज हजार-दीड हजार पीएसआयच्या घरात असतो. तो फवारा मडगार्डखाली उत्तम. पण चाकाच्या बेअरिंगचं सील, हँडलखालचा कोनसेट (म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग), मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा जोड, हँडलवरची बटणं आणि सीटखालची वायरिंगची कप्लर, म्हणजे वायरींचे जोड, यांच्यावर जवळून मारला तर तो सीलच्या ओठातून आत शिरतो. ही सीलं पाऊस अडवायला केलेली असतात, बंदुकीच्या गोळीसारखं येणारं पाणी अडवायला नाही. आत गेलेलं पाणी ग्रीसचं ताक करतं. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोनतीन महिन्यांनी हँडल मधोमध अडकल्यासारखं लागतं आणि मेकॅनिक म्हणतो, कोनसेट गेला. धुण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे शेवटी फवारतात ते डिझेल. बऱ्याच ठिकाणी डिझेलमध्ये जुनं ऑइल मिसळून इंजिनवर, चाकांवर मारतात. काळे भाग एकदम नवे दिसतात, गिऱ्हाईक खूश. एकदा मी अशीच गाडी घेऊन निघालो. पहिल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर नेहमीसारखा कडक, पण गाडी थांबायचं नाव नाही. फवारा डिस्कवर उडाला होता. मागच्या ब्रेकवर कशीबशी गाडी उभी केली. डिस्क साफ करता येते, पण ब्रेक पॅड तेल पितात. ते बदलावेच लागले. शिवाय डिझेलने रबर फुगतं, आणि त्या ओलसर थरावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते. मी आता आधीच सांगतो, "दादा, डिझेल नको, आणि हँडलपाशी लांबून मारा." दादा तोंड वाकडं करतात. करू देत.

ब्रेकचं निघालंच आहे तर: डिस्कवर पॉलिश, वॅक्स, चेनचा स्प्रे काहीही जाता कामा नये. टायर चमकवायचं पॉलिश बाजूच्या भिंतीवरही नको असं माझं मत. गाडी चार चाकांची असती तर गोष्ट वेगळी. दुचाकी वळणावर कलते आणि टायरची कडही रस्त्याला टेकते. धुऊन निघाल्यावर पहिले दोनतीन ब्रेक हळू वेगातच, सोसायटीच्या गेटच्या आत मारून घ्या, ओली डिस्क सुरुवातीला पकडत नाही.

चेनवर मात्र थोडं रेंगाळतो, कारण इथे साफसफाई दिखाऊ नसते. चेनचे शंभराहून जास्त सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश नावाची नळी, त्यावर फिरणारा रोलर. उघडी चेन असलेल्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांना इवल्याशा रबरी रिंगा असतात. त्यांना ओ-रिंग म्हणतात. कारखान्यात पिन आणि बुशच्या मध्ये भरलेलं ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात. ते ग्रीस आहे तोवर चेन आहे. आपण वरून घालतो ते तेल आत जातच नाही. ते असतं गंज रोखायला, रोलर आणि स्प्रॉकेटच्या (म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या) मध्ये, आणि रिंगा कोरड्या पडून चिरू नयेत म्हणून.

एवढं कळलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. पेट्रोलने चेन धुवायची नाही, ते रिंगांचं रबर बिघडवतं, शिवाय आगीचा धोका. तारेचा ब्रश नको, रिंगा कापल्या जातात. रॉकेल मिळालं तर उत्तम. ते आता सहज मिळत नाही, तेव्हा ओ-रिंगला चालेल असं लिहिलेला चेन क्लीनर आणा. जुना दाताचा ब्रश, एक चिंधी आणि खाली जुना पेपर एवढ्यावर काम भागतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल, आणि मागचं चाक हाताने फिरवा. गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनला फडकं धरणारे लोक मी पाहिलेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये खेचलं जातं आणि त्याच्यामागोमाग बोटं जातात. पाच मिनिटं वाचवायला हा सौदा फार महागात पडतो.

चेन पुसून कोरडी झाली की तेल. ते खालच्या पट्ट्याला, आतल्या बाजूने सोडायचं. चाक फिरलं की तेल बाहेर फेकलं जातं, म्हणजे आतून घातलेलं तेल बाहेर जाता जाता चेनमधून जातं. बाहेरून घातलेलं सरळ रिमवर आणि तुमच्या पँटवर. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, थोडं उडतं इतकंच. चेन लुबचा स्प्रे मारला तर अर्धा तास गाडी हलवू नका, तो घट्ट व्हायला वेळ लागतो. शेवटी वरचं तेल पुसून टाका, कारण चिकट चेन रस्त्यावरची रेती गोळा करते. दर पाचशे किलोमीटरला हे करावं, आणि पावसात भिजून आलात तर किलोमीटर न मोजता करावं.

अनेकजण चेनवर डब्ल्यूडी-४० मारून मोकळे होतात. त्या नावातच त्याचं काम लिहिलंय. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून बनवलं गेलं. भिजलेल्या चेनमधलं पाणी हटवायला चांगलं, पण चेनला टिकाऊ वंगण लागतं ते काम त्याचं नाही. नंतर तेल घालावंच लागतं.

सायलेन्सरबद्दल दोनच गोष्टी. धुताना त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, आणि गाडी सुरू करण्याआधी ती काढायला विसरू नका. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही: सायलेन्सर आतून गंजतो तो बहुतेक वेळा धुतल्याने नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या फेरीत ते बाहेर पडतं. कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढली की सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी आत साचून राहतं. गाडी धुतल्यावर दहा मिनिटांची चक्कर मारून यावी ती याचसाठी.

आता पॉलिश, वॅक्स, कोटिंग. इथे खिसा सगळ्यात जास्त कापला जातो. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. चऱ्याच्या दोन्ही काठांचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत आणायचा, म्हणजे पुन्हा सपाट. चरा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट कमी होतो. दर वेळी एकदोन मायक्रॉन गेले तरी मूळ भांडवल चाळीस-पन्नासचंच आहे, आणि टाकीच्या कडांवर तर त्याहून कमी. म्हणून दर सर्व्हिसिंगला "पॉलिश करून टाकू का साहेब?" याला हो म्हणू नका. नखाला लागणारा चरा पॉलिशने जात नाही, हेही लक्षात असू द्या.

वॅक्स घासत नाही, वर बसतं. चांगल्या वॅक्समधलं कार्नोबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, तरी आपल्या उन्हापावसात दोनएक महिन्यांवर टिकत नाही. स्वस्त आहे, घरी लावता येतं, मला पुरतं. गॅरेजमधल्या "टेफ्लॉन कोटिंग"कडे मात्र मी जरा तिरक्या नजरेनं बघतो. तव्यावरचं टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं आणि त्याहून जास्त तापवून तव्याला बसवतात. टाकीवर हाताने चोळलेली पेस्ट तशी कशी बसेल? नाव काही असो, ते चांगल्यापैकी पॉलिश किंवा सीलंट असतं. त्या भावात घ्यावं.

सिरॅमिक कोटिंग खरंच वेगळं. त्यातलं सिलिकाचं रसायन सुकून रंगाला घट्ट धरतं, पाणी मोत्यांसारखं घरंगळतं, चिखल कमी चिकटतो, पक्ष्याची विष्ठा रंगाला डाग पाडायच्या आत धुवायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण जाहिरातीतल्या "९एच कठीण"ला भुलू नका. लोकांना वाटतं हे मोहच्या मापातले ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. हा एच पेन्सिलीचा आहे. शाळेत एचबी वापरली, डिप्लोमाच्या ड्रॉइंगला २एच, त्याच रांगेतली ९एच. ती पेन्सिल ठरावीक कोनात, ठरावीक वजनाने थरावर ढकलायची आणि चरा पडतो का ते बघायचं, इतकीच ती चाचणी. पेन्सिलीच्या शिशाने चरा न पडणं वेगळं आणि क्वार्ट्झच्या कणाने न पडणं वेगळं. कोटिंग केलेल्या गाडीवरही कोरडं पिवळं फडकं जाळं विणतंच. आणि कोटिंगच्या आधी जाळं काढलं नसेल तर ते काचेखाली ठेवल्यासारखं जपून राहतं.

मॅट रंगाच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथला क्लिअर कोट मुद्दाम खडबडीत केलेला असतो, उजेड विखुरावा म्हणून. त्याला पॉलिश केलं की खडबडीतपणा जातो आणि तेवढाच चट्टा चमकायला लागतो, तो परत मॅट होत नाही. वॅक्स त्याच्या खाचांत पांढरं अडकून बसतं. टाकीवर जिथे गुडघे घासतात तिथे हळूहळू आपोआप चकाकी येते, त्यावर इलाज एकच: सुरुवातीपासून गुडघ्यांच्या जागी रबरी पॅड चिकटवणं. मॅट गाडी हवी असेल तर घ्या, छान दिसते, पण ती दुरुस्त होत नाही हे माहीत असून घ्या.

दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या संध्याकाळी गल्लोगल्ली बादल्या निघतात. पावसाळ्याचा चिखल काढायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. पूजेत फक्त एक बघा. झेंडूच्या हाराची तार असेल तर हार टाकीवर लोळू देऊ नका. वाऱ्याने आणि कंपनाने ती तार दिवसभर एकाच जागी घासत राहते. आरशाला किंवा हँडलला वर बांधा. हळदीकुंकवाचं बोट पांढऱ्या टाकीवर उमटलं तर घासत बसू नका. साबणाने जेवढं जातं तेवढं जाऊ द्या आणि गाडी उन्हात लावा. हळदीचा पिवळा रंग ऊन सहन करत नाही, चारपाच दिवसांत फिका पडतो. कुंकवाचं तसं नाही, ते त्याच दिवशी धुवायला हवं. आमच्याकडे आई स्वस्तिक काढते ते आता हेडलाइटच्या काचेवर. तिला म्हटलं, तिथे छान दिसतं. खरं कारण अजून सांगितलेलं नाही.